वडूज-दहिवडी रस्त्यावरचा जुना डी-५० डोझर आणि त्यावरचे तात्या

रान सपाट करायला डोझर बघत असाल तर मशीन कुठलं ते नंतर विचारा, चालवायला कोण येणार ते आधी विचारा. मी ज्यांच्याकडून भाड्याने घेतला त्यांचं यार्ड वडूजहून दहिवडीकडे जाताना रस्त्याला लागूनच आहे. पाटी नाही. दारात दोन जुने ट्रेलर, गंजलेल्या चेनचे ढीग आणि एक बीईएमएलचा डी-५०. प्लेटवर साल १९८६. मालक तरुण आहे, वडिलांचा धंदा चालवतो. ऑपरेटर वडिलांच्या वेळचे, सगळे त्यांना तात्या म्हणतात. हा अभिप्राय खरं तर या दोघांचा, म्हणजे मशीनचा आणि तात्यांचा आहे. मालकाबद्दल शेवटी बोलतो.

मी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकची पोरं शिकवून निवृत्त झालो. खटाव तालुक्यात वडिलार्जित चार एकर आहे, त्यातला तीन एकर उताराचा माळ. वरच्या अंगाला मुरूम उघडा पडलेला, खालच्या अंगाला वाहून आलेली माती, मधे फुटक्या ताली, म्हणजे पाणी अडवणारे मातीचे बांध. आमच्या सातारा जिल्ह्याची गंमत अशी की महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि इकडे खटाव-माणला पाचशेच्या आसपास मिळाला तरी लोक वर्ष बरं गेलं म्हणतात. त्यामुळे या माळाकडे कोणी बघत नव्हतं. जिहे-कठापूर योजनेचं कृष्णेचं पाणी नेर तलावापर्यंत आलं तेव्हापासून सगळ्यांच्याच माळांना डोळे फुटले. मीही ठरवलं, एकदाच काय ते नीट करून घ्यायचं.

जेसीबी लाव, निम्म्या पैशात होईल, असं भावकीत प्रत्येकाने सांगितलं. १९७९ साली एस्कॉर्ट्सबरोबर बल्लभगडला कारखाना काढून हे यंत्र देशात आलं आणि पाइपलाइनची चर, घराचा पाया, ट्रॉली भरणं या कामांत त्याला आजही तोड नाही. माझी चर मी त्यानेच काढून घेतली. पण तीन एकरांवरची माती वरून खाली सरकवायची म्हटली की जेसीबी बकेट भरतो, वळतो, नेतो, ओततो, परत येतो. चाकं मोकळ्या मातीत फिरतात आणि ओल्या मातीत रुततात. पोकलेन उकरायला छान, पसरायला नाही. माती ढकलायची असेल तर साखळीवरचा डोझरच लागतो. बारा टनांच्या घरातलं मशीन, पण वजन दोन लांब पट्ट्यांवर पसरल्यामुळे जमिनीवर येणारा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण अर्धा किलोच. रान दबत नाही आणि पकड सुटत नाही.

यार्डात गेल्यावर मालक मला नवा रंग दाखवत होता. मी खाली बसून स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, बघत होतो. जुना डोझर घेताना किंवा भाड्याने ठरवताना तुम्हीही आधी तेच करा. दात पोपटाच्या चोचीसारखे अणकुचीदार झाले असतील तर चेनच्या कड्या जोडणारे पिन आणि बुश संपलेत आणि चेन ताणली गेलीय असं समजा. इथे दात बरे होते. पिन-बुश एकदा प्रेसवर अर्धा फेरा फिरवून घेतले होते, म्हणजे झिजलेली बाजू गेली आणि कोरी बाजू कामाला आली. हा खर्च करणारे मालक आता कमी राहिलेत. ट्रॅकच्या वरच्या बाजूला दांडी ठेवून चेनचा झोळ बघितला, दोन-तीन सेंटिमीटर, जितका हवा तितका. ट्रॅकच्या प्लेटवर जमिनीत रुतणाऱ्या दांड्या असतात, त्या झिजलेल्या दांड्यांवर नवी पट्टी वेल्डिंग केलेली. ब्लेडची कटिंग एज उलटून लावलेली, म्हणजे एक कड वापरून झाली, दुसरी चालू. फायनल ड्राइव्हच्या, म्हणजे स्प्रॉकेट फिरवणाऱ्या गिअरच्या डब्याच्या, खाली तेलाचा ओला डाग होता, तो मी मालकाला दाखवला. "तो जुनाच आहे," म्हणाला. जुनाच होता, काम संपेपर्यंत तेवढाच राहिला.

कोमात्सूच्या तंत्रावर बीईएमएलने बनवलेलं हे मॉडेल. कंपनी १९६४ ची, बंगळूरची. चार सिलिंडरचं इंजिन, शंभरच्या वर अश्वशक्ती, आणि यात कुठेही संगणक नाही, सेन्सर नाही, पडदा नाही. मेन क्लच हाताने ओढायचा. दोन्ही बाजूंना एकेक स्टिअरिंग क्लचची दांडी, पायाशी दोन ब्रेक. त्याच्या शेजारी अजून एक पेडल, आणि ते मोटारीच्या बरोबर उलटं: दाबलं की इंजिन मंदावतं. थ्रॉटल हाताने वर लावून ठेवायचा आणि गरज पडेल तिथे पायाने आवळायचा. मोटारीवर हात बसलेला माणूस या सीटवर बसला तर पहिल्या पाच मिनिटांत बांध तोडून शेजाऱ्याच्या कांद्यात जाईल.

पहिल्या दिवशी तात्यांनी मशीनला हातच लावला नाही. हेल्परला ग्रीस पंप देऊन कामाला लावलं आणि स्वतः माझ्याबरोबर रान फिरले. वरच्या कोपऱ्यात टाच मारून बघितली, खालच्या अंगाला मूठभर माती उचलून चुरगळली. जुन्या विहिरीचा मलबा कुठं टाकलाय ते विचारलं. मग म्हणाले, "सर, ह्ये एका पट्टीत सपाट करायचं न्हाई. तीन टप्पं करू. एकच केलं तर वरच्या अंगाला नुसता मुरूम ऱ्हाईल, तिथं काय पिकवणार?" माझ्या डोक्यात दोन टप्पे होते. त्यांचं बरोबर वाटलं म्हणून तीनच ठरवले. नंतर मी जी पाण्याची नळी लावून मापं घेतली त्यातही उतार जिथे तुटतो ते ठिकाण त्यांनी टाच मारली होती तिथेच निघालं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भाड्याचा डोझर तासावर असतो, त्यामुळे बहुतेक ऑपरेटर थेट वरून खाली ढकलायला सुरुवात करतात. शेतकरी खूश होतो, कारण संध्याकाळपर्यंत रान सपाट दिसतं. मग दोन वर्षं तिथे काही येत नाही, कारण वरची चांगली माती खाली गाडली गेली आणि मुरूम वर आला. तात्यांनी आधी प्रत्येक टप्प्यावरची काळी माती वीतभर खोलीने सोलून कडेला ढीग लावले. मग खालचा मुरूम कापून भरला. आणि शेवटी ती माती परत पांघरली. यात तास वाढतात, बिल वाढतं. पण हे करायला नकार देणाऱ्या माणसाला रानात शिरूच देऊ नका.

मुरूम कापताना मागचा रिपर, म्हणजे जमीन फोडणारा नांगर, खाली घातला. तीन दातांचा आहे. एका बाजूला मुरूम इतका घट्ट होता की तीन दात धरले की ट्रॅक जागेवरच घसरायला लागले. तात्यांनी दोन दात काढून मधला एकच ठेवला, पहिल्या गिअरमध्ये, सावकाश. ट्रॅक एकदा घसरला की ते लगेच क्लच सोडायचे. घसरू देणं म्हणजे प्लेटच्या दांड्या कानशीवर घासणं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे. आजच्या पोरांना हे सांगून पटत नाही, कारण प्लेट त्यांच्या खिशातून येत नाही.

फिनिशिंगच्या वेळी मी चहाची किटली घेऊन बांधावर बसलो ते दिवसभर तिथेच. डोझरची मूळ अडचण समजून घेतली तर या माणसाचं कसब कळतं. रस्ता सपाट करणाऱ्या ग्रेडरचं पातं पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे असतं, त्यामुळे चाक उंचवट्यावर चढलं तरी पातं थोडंच हलतं. डोझरचं पातं ट्रॅकच्या पुढे असतं. ट्रॅक चार बोटांच्या उंचवट्यावर चढला की नाक वर होतं, पातं जास्त उचललं जातं आणि तिथे माती शिल्लक राहते. मग ट्रॅक त्या मातीवर चढतो, पुढे कलतो, पातं खड्डा मारतं. एक लाट तयार झाली की पुढे तिच्यातून दुसरी निघते आणि रान पन्हाळी पत्र्याचं होऊन बसतं. नवशिका ऑपरेटर खड्डा दिसल्यावर पातं उचलतो, म्हणजे उशीर झालेलाच असतो. तात्यांची दांडी ट्रॅक चढायच्या आधीच हलायची. पात्याची खालची धार सीटवरून दिसतच नाही. दिसते फक्त पुढे लोळत जाणारी माती. ती एका बाजूला जास्त वळली, इंजिनाचा आवाज जरा जड झाला, सीट जरा मागे झुकली, या तीन गोष्टींवर त्यांचा हात चालतो. मी इंजिनाचा आवाज ऐकून वयाची तीस-पस्तीस वर्षं काढली, तरी मला जो फरक कळायला क्षणभर लागायचा तो त्यांच्या मनगटात आधीच उतरलेला असायचा. शेवटचा हात त्यांनी उलटा मारला: पातं फ्लोटवर, म्हणजे जमिनीवर मोकळं टेकवून, मागे येत येत. रिव्हर्समध्ये, मान वळवून, सरळ रेषेत.

लांबवर माती न्यायची होती तिथे त्यांनी एकाच चरीतून पुन्हापुन्हा ढकललं. दोन्ही बाजूंना मातीच्या भिंती राहतात, त्यामुळे पात्याच्या कडेने माती सांडत नाही आणि प्रत्येक फेरीत जास्त जाते. मधल्या भिंती शेवटी एकाच फेरीत मोडल्या. साठ-सत्तर मीटरच्या पुढे मात्र त्यांनी ढकलायला नकार दिला. तिथून पुढे ट्रॉली लावा, डिझेल वाचेल, म्हणाले. तासावर पैसे घेणारा माणूस आपलेच तास कमी करायला सांगतो, हे मला तरी नवीन होतं.

खालच्या टप्प्याची ताल भरताना माझा जीव वर-खाली होत होता. दहा फुटांची उतरण, खाली नाला. तात्या काठापर्यंत जायचे आणि शेवटचा ढीग तिथेच ठेवून मागे यायचे. पुढच्या फेरीतली माती त्या ढिगाला ढकलायची आणि तो ढीग खाली पडायचा. म्हणजे ट्रॅक आणि कड यांच्या मधे कायम एक मातीची उशी. एकदाही पातं रिकाम्या हवेत गेलं नाही. आणि उतारावर वळताना मी बारकाईने त्यांचे हात बघत होतो, कारण इथेच नवी माणसं फसतात. सपाटीवर डावी दांडी ओढली की डाव्या ट्रॅकची ताकद तुटते आणि मशीन डावीकडे वळतं. पण तीव्र उतारावर मशीनच गुरुत्वाने इंजिनाला ढकलत असतं. तिथे डावी दांडी ओढली की डावा ट्रॅक मोकळा सुटतो, जोरात पळतो आणि मशीन उजवीकडे वळतं. उलटंच. नाल्याच्या काठावर हे विसरणाऱ्याला दुसरी संधी नसते. मी हे फळ्यावर आकृती काढून शिकवलंय. तात्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "उतरताना हात बदलायचा, येवढंच." आकृतीची गरज त्यांना कधी पडली नाही.

भराव त्यांनी एकदम टाकला नाही. वीत-दीड वीत थर, वरून ट्रॅकने दोन्ही दिशांनी दाबून, मग पुढचा थर. मला टँकर बोलवायला लावला आणि कोरड्या मुरमावर पाणी मारून घेतलं. ही शिस्त धरणावरची आहे. पोरवयात ते कण्हेर धरणाच्या कामावर हेल्पर म्हणून लागले. वेण्णेवरचं ते मातीचं धरण. मातीच्या धरणात मधे काळ्या मातीचा गाभा, दोन्ही बाजूंना मुरमाचं कवच, आणि प्रत्येक थराला पाणी आणि रोलर. थर नीट दाबला नाही तर साहेब तो उकरून काढायला लावायचे, असं ते सांगतात. चाळीस वर्षांनंतर माझ्या चार फुटांच्या तालीला त्या साहेबांचा फायदा झाला.

दुपारी झाडाखाली त्यांच्या उस्तादांचा विषय निघाला आणि माझी भाकरी हातातच राहिली. उस्ताद कॅटरपिलरच्या जुन्या डी-८ वर होते. त्यावर डिझेल इंजिन चालू करायला आधी पेट्रोलवर चालणारं दोन सिलिंडरचं छोटं इंजिन चालू करावं लागायचं, पोनी इंजिन. त्याचं गरम पाणी मोठ्या इंजिनाच्या जाकिटातून फिरायचं, त्याचा धूर इनटेकजवळून जाऊन हवा तापवायचा. मोठ्या इंजिनाचं कॉम्प्रेशन सोडून त्याला नुसतं फिरवत ठेवायचं, तेलाचा दाब आला की मग डिझेल द्यायचं. बॅटरी उतरली म्हणून काम अडलं असं त्या मशीनला कधी होत नसे. तेल सगळीकडे पोचल्यावरच इंजिनावर भार, यापेक्षा चांगली सुरुवात मला आजही सुचत नाही. त्याआधीच्या डोझरांवर तर हायड्रॉलिकही नव्हतं, पातं तारेच्या दोराने उचलायचं, आणि खाली दाबायला फक्त त्याचं स्वतःचं वजन. उस्तादांचं ते डी-८ तात्यांनी चालवलेलं नाही, पुसलंय.

आता तक्रारी, कारण त्याही आहेत.

अवरमीटर बंद आहे. तास घड्याळावर मोजतात, आणि चहा-पाण्याच्या वेळेवरून मालकाशी माझी बाचाबाची झाली. तुम्ही पहिल्याच दिवशी वही ठेवा आणि संध्याकाळी दोघांची सही घ्या. मशीन ठरलेल्या दिवशी आलं नाही, दुसऱ्याच्या रानात हायड्रॉलिकचा होस फुटला म्हणे. खरं असेल, पण फोन मीच करायचा का? आणि आल्यावर मालकाने आधी एका पोराला पाठवलं होतं, "तात्या उद्या येतील" म्हणून. त्या पोराला मी चहा पाजून परत पाठवला. बोलताना "तात्याच हवेत" हे आधीच ठरवा, नाहीतर हा सगळा अभिप्राय तुमच्या कामाचा नाही.

दुसरी गोष्ट मालकाने वाचावी म्हणून मुद्दाम लिहितो. या मशीनवर केबिन नाही, फक्त पत्र्याचं छत. उलटलं तर माणूस वाचवेल असा सांगाडा नाही. इंजिन पुढ्यात, सायलेन्सर तोंडासमोर. तात्यांना उजव्या कानाने जवळपास ऐकू येत नाही. माणूस आवाजावर मशीन चालवतो आणि त्याच आवाजाने कान जातो. आवाज अडवणारी कानावरची चांगली बोंडं काहीशे रुपयांत मिळतात. मी माझी दिली, त्यांनी एक दिवस लावली आणि "इंजान ऐकू येत न्हाई" म्हणून परत केली. पण हेल्पर पोराने ठेवून घेतली. निदान त्याच्या कानांसाठी तरी मालकाने सोय करावी.

दर जेसीबीच्या तासाच्या जवळपास दुप्पट, शिवाय ट्रेलरने आणायचे-न्यायचे वेगळे, ते काम अर्ध्या दिवसाचं असो की आठवड्याचं. म्हणून एकट्याने दहा-वीस गुंठ्यांसाठी बोलावू नका, परवडणार नाही. दोन-तीन शेजारी मिळून ठरवलं तर ट्रेलरचा खर्च वाटला जातो. डिझेल दरात धरलंय की वेगळं, हे बोलून घ्या. माझ्याकडे धरलेलं होतं.

काम संपल्यावर नळी लावून मापं घेतली. ठरवलेला उतार शंभर फुटांना तीन-चार इंच. वरच्या दोन टप्प्यांत कुठेही दोन बोटांपेक्षा जास्त फरक निघाला नाही. खालच्या टप्प्यात भरावाची बाजू चार बोटं उंच निघाली. तात्या म्हणाले, "ती बसंल." वळवाचे दोन जोरदार पाऊस झाले आणि ती बसली, बरोबर मापात. ताल कुठे फुटली नाही, सांडव्यातून पाणी गेलं तसंच गेलं. काळी माती परत पांघरलेल्या पट्ट्यात आता कांद्याचं रोप उभं आहे, आणि वरच्या मुरमाच्या टप्प्यात शेणखत आणि ताग. लेझर लेव्हलरने यापेक्षा बारीक काम होतं हे मला माहीत आहे, आणि सपाट काळ्या रानाला मी तेच सांगेन. पण ते ट्रॅक्टरमागचं यंत्र. त्याला आधी कोणीतरी माळ फोडून द्यावा लागतो.

पाचपैकी चार तारे. पाचवा अवरमीटर बसवल्यावर.

बुकिंग करायचं तर रब्बी निघाल्या-निघाल्या करा, कारण पाडव्यानंतर सगळे एकदम फोन करतात आणि तात्या एकच आहेत. ट्रेलर लांब आहे, रानाच्या वाटेला काटकोनी वळण असेल तर आधी मालकाला येऊन बघायला सांगा. वाटेवर विजेच्या तारा लोंबत असतील तर वायरमनला आधी सांगून ठेवा. विहिरीचा जुना मलबा, गाडलेली पाइपलाइन, बोअरची केसिंग यांच्यावर चुन्याच्या खुणा करून ठेवा. तात्या विचारतातच, पण तुम्हाला आठवलं पाहिजे.